३०४ ची चावी

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

‘मॅडम, मी अर्थशास्त्रात एम.ए. आहे, प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पास आहे. जुलैपासून दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवते. सकाळी परळला, दुपारी कुर्ल्याला. पहिल्या दिवशी ऑफिसने टाइमटेबलची झेरॉक्स हातात दिली आणि “तीनशे चार” एवढंच सांगितलं. वर गेले तर खोलीला कुलूप, बाहेर साठेक मुलं, त्यातला एक मला म्हणतो, “तू पण एफवायला का?” त्याच आठवड्यात नव्याने पर्मनंट लागलेल्या दोघांना इंडक्शनला पाठवलं. मी विचारलं तर म्हणाले, “ते तुमच्यासाठी नसतं.” नेमणुकीचं पत्र अजून मिळालेलं नाही. वर्ग शांत बसत नाही. एचओडी (विभागप्रमुख) म्हणतात, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायलींना मदत करा, पुढे उपयोग होईल. करू का? बसायला जागा नाही म्हणून मधल्या वेळात लायब्ररीत बसते. आणि एक बारीकसं: मुलं मला “मिस” म्हणतात, शाळेतल्यासारखं. “मॅडम” म्हणायला सांगू का?’

तुला सरळ अगं-तुगं करते, चालवून घे. एकतीस वर्षं वर्गात काढल्यावर तुझ्या वयाच्या मुलीला ‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नाही. त्या एकतीसमधली पहिली पाच मीही तासांवरच काढली, दोन कॉलेजांत, मधे डबा दादरच्या पुलावर उभ्याने खाऊन.

आधी त्या इंडक्शनचं बोलू, कारण पत्रात तेच जास्त टोचलेलं दिसतंय. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) विद्यापीठांमधून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं काढली. पुढे त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र (एचआरडीसी) झालं आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रं झाली. पाटी दोनदा बदलली, उद्देश तोच: नव्या प्राध्यापकाला शिकवायला शिकवणं. ‘गुरुदक्षता’ नावाचा चार आठवड्यांचा इंडक्शनचा कार्यक्रम असतो, तुझ्या त्या दोघांना बहुधा त्यालाच पाठवलं असेल. पर्मनंट माणसाच्या बढतीत हे कोर्स मोजले जातात, म्हणून कॉलेज त्यांची नावं तत्परतेने पाठवतं. तुझी बढती कुठे अडलेली नाही, त्यामुळे तुझ्या नावाची कुणाला घाई नाही. ‘तुमच्यासाठी नसतं’ याचा खरा अर्थ एवढाच.

पण दार सरसकट बंद आहे असं समजू नकोस. मालवीय मिशनमध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरचा आठ दिवसांचा ऑनलाइन कार्यक्रम असतो, तो वर्षभर वेगवेगळी केंद्रं घेत असतात. सूचनेत पात्रतेच्या ओळी असतात, त्या स्वतः वाच. बसत असशील तर प्रिंट काढून प्राचार्यांकडे जा आणि ना-हरकत पत्र माग. ‘मला पाठवाल का’ विचारलंस तर ‘बघू’ ऐकायला मिळेल. टाइप केलेला कागद पुढे ठेवलास तर सहीच करावी लागते. तारखा मात्र बघून घे. आमच्यासारख्या तासांवरच्यांना रजा नसते, तास बुडाला की पैसे बुडाले. दिवाळीची सुट्टी किंवा दोन सेमिस्टरांमधली फट धर. ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स मात्र तुला कुणाला न विचारता करता येतात, २०१७ पासून ते सगळ्यांना खुले आहेत. डोंबिवली ते परळ तुझा तास जातोच आहे. बसायला मिळत असेल तर.

माझं ओरिएंटेशन, म्हणजे तेव्हाचं इंडक्शन, झालं नोकरीच्या सहाव्या वर्षी, कलिन्याला. तोवर जे काही चुकायचं ते सगळं मी चुकून बसले होते. आम्हाला प्रत्येकाला दहा मिनिटं शिकवायला लावून त्याची व्हिडिओ कॅसेट काढली आणि मग सगळ्यांदेखत लावली. दहापैकी सहा मिनिटं मी फळ्याशी बोलत होते. माझ्या वेणीला उद्देशून कोणी प्रश्न विचारला असता तर तिनेच उत्तर दिलं असतं. त्या महिन्यात ऐकलेली भाषणं विसरले, ती वेणी विसरले नाही. तेव्हा संधी मिळाली तर जा, उपयोग होतो. पण एक ध्यानात घे: तिथे गेलेल्या त्या दोघांनाही ३०४ ची चावी कुणाकडे असते हे कोणी सांगितलेलं नाही.

ते सांगणारी माणसं तुझ्या कॉलेजातच आहेत आणि त्यांना कोणी ‘रिसोर्स पर्सन’ म्हणत नाही. पहिले शिपाईमामा.

माझ्या पहिल्या सुपरव्हिजनची गोष्ट सांगते. विद्यापीठाची परीक्षा, माझ्या ब्लॉकला तीसेक मुलं, हातात पंचवीस पुरवण्या. पेपर संपला, उत्तरपत्रिका गोळा केल्या, मुलं गेली. मुलांनी जोडलेल्या पुरवण्या अठरा, माझ्या हातात उरलेल्या सहा. म्हणजे एक गेली कुठे? कोरी पुरवणी बाहेर गेली तर काय होतं हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे मी आपल्या मनानेच थेट पोलीस चौकीपर्यंत पोचले. पुन्हा मोजलं, पुन्हा सहाच. खाली कंट्रोल रूममध्ये सगळे गठ्ठे जमा झाले, माझाच राहिलेला. तेवढ्यात मामा खिडक्या लावायला आले. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलंसुद्धा नाही. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकाशी गेले, बाक उचलला आणि पायाखालची कागदाची घडी माझ्या हातात दिली. बाक डुगडुगतो म्हणून कुणा मुलाने कोरी पुरवणी घडी करून खाली सारली होती. ‘हा बाक दर परीक्षेला एक खातो,’ मामा म्हणाले. तेव्हापासून मी पुरवणी देताना मुलाची सही आणि आकडा तिथल्या तिथे घेते. तूही घे. आणि पेपर सुरू होण्याआधी खिडकीकडचे बाक हलवून बघ.

तर मामांना नाव विचार, चहा पाज, आणि तास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचत जा. चाव्या, फ्यूज गेलेले पंखे, दुसऱ्याच कार्यक्रमाला दिलेली खोली, प्राचार्यांचा मूड, सगळं त्यांना आधी कळतं.

दुसरी व्यक्ती ऑफिसमधली, जी मानधनाची बिलं करते. इथे जरा सावकाश वाच, कारण तुझ्या पत्रातली काळजीची गोष्ट इंडक्शन नाहीच, हातात नसलेलं नेमणुकीचं पत्र आहे.

दोन्ही कॉलेजांकडे लेखी मागणी कर, इनवर्डचा शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेव. पत्रात काय हवं? रुजू होण्याची तारीख, विषय, आठवड्याच्या तासिका, तासाचा दर, आणि तुझी नेमणूक अनुदानित जागेवर आहे की सेल्फ-फायनान्सला, म्हणजे विनाअनुदानित वर्गांना. यावरून पैसा कुठून आणि किती येणार हे ठरतं. यूजीसीने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा आकडा सांगितला होता. स्टाफरूममध्ये तो तुला कोणीतरी ऐकवेलच. त्यावर घराचं बजेट बसवू नकोस. अनुदानित जागेवर राज्य शासनाच्या निर्णयातला दर चालतो, सेल्फ-फायनान्सला व्यवस्थापन ठरवेल तो. दोन्ही दर तुझे तूच विचारून लिहून घे. गणपती, पावसाने गाड्या बंद, अचानक लागलेलं सेमिनार, अशा दिवसांचे तास धरतात का, हेही विचार. बहुतेक धरत नाहीत, पण जुलैत कळलेलं बरं, मार्चमध्ये कळून रडू येतं.

एक साधी वही कर. तारीख, वेळ, वर्ग, शिकवलेला भाग, हजर मुलं. महिनाअखेरीस एचओडींची सही. मस्टरवर सही केली म्हणून थांबू नकोस. मस्टर कॉलेजचं असतं, वही तुझी असते. माझं एका वर्षीचं दोन महिन्यांचं बिल ‘सापडत नाही’ म्हणून राहिलं होतं, ते अशाच एका वहीवर निघालं. मानधनातून टीडीएस कापला तर तो तुझ्या पॅनवर दिसतो का बघ, आणि तुझं उत्पन्न कराच्या खाली असेल तर रिटर्न भरून परत घे. आमच्यातल्या कितीतरी जणी तो सोडून देतात, ‘एवढ्याशासाठी कोण भरणार’ म्हणून. दोन कॉलेजांचं मिळून ते एवढंसं नसतं.

नेमणुकीला निवड समिती बसली होती का, विद्यापीठाची मान्यता घेतली का, हेही याच टेबलावर कळेल. यूजीसीची नेमणुकांची नियमावली १८ जुलै २०१८ ची आहे. (मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ ची. योगायोग, पण तारीख लक्षात राहायला बरा.) त्यातल्या तक्त्यात मुलाखतीसाठी उमेदवार निवडताना शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला दोन गुण आहेत, जास्तीत जास्त दहा. म्हणून प्रत्येक सेमिस्टर संपताना अनुभवाचा दाखला घेत जा, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखांसकट. पाच वर्षांनी मागायला जाशील तेव्हा प्राचार्य बदललेले असतात.

आता त्याच नियमावलीतलं कडू. पुढे पर्मनंट झालीस तर मागची तात्पुरती सेवा धरायला ज्या अटी आहेत, त्यातली एक अशी की तेव्हाचं एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नसावं. तासांच्या मानधनात हे कुठून जमायचं? नॅकच्या फायलींना हो म्हणण्याआधी हे वाक्य एकदा वाच. ‘पुढे उपयोग होईल’ म्हणणाऱ्या एचओडी वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांच्याही डोक्यावर फायली आहेत आणि विभागात माणसं नाहीत. पण जागा भरायची ती शासनाच्या परवानगीने आणि जाहिरात देऊन. तू किती फायलींना टॅग लावलेस ते तिथे कोणी मोजत नाही. मी तीन वर्षं लावले.

सरळ नाही म्हणू नकोस. म्हणावं, ‘मॅडम, करायला आवडेल, याचे तास बिलात कोणत्या नावाने दाखवायचे?’ आवाज गोड ठेव. याला उत्तर असेल तर काम कर, शिकायलाही मिळेल, सीओ-पीओ आणि आयक्यूएसी म्हणजे काय ते फायलीतच कळतं. उत्तर नसेल तर तुझ्या स्वतःच्या विषयाची फाइल कर, टीचिंग प्लॅन, हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण. ती तुझ्या कामातच येते, तिथे हात आखडू नकोस.

तिसरी व्यक्ती म्हणजे विभागातलं एक माणूस, ज्याला तू न लाजता विचारू शकशील. ते एचओडीच असायला हवेत असं नाही, किंबहुना नसलेले बरे. त्यांच्याकडून अभ्यासक्रमाची प्रत, मागच्या दोन सेमिस्टरांचे पेपर आणि अंतर्गत गुणांची पद्धत घे. आणि एक गुपित ऐक: नव्या धोरणाचा आराखडा संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला, तेव्हा मायनर, ओई, व्हीएससी या नव्या विषयगटांच्या भानगडीत वीस वर्षं जुने लोकही तुझ्याइतकेच नवे आहेत. या बाबतीत तू विचारलंस तर उलट त्यांना हायसं वाटेल.

थिअरीच्या एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे चार क्रेडिटांचा पेपर साठ तासांचा. कॅलेंडर घेऊन बस आणि पहिल्या सेमिस्टरचे खरे आठवडे मोज. उशिरा संपलेले प्रवेश, पाऊस, गणपती, नवरात्र, कॉलेजचा फेस्टिवल वजा कर. साठचे चाळीस होतात. शेवटचं युनिट ऑक्टोबरात धापा टाकत संपवण्यापेक्षा आत्ताच ठरव की कुठला भाग मुलं स्वतः वाचतील.

वर्गाचं आता. ‘तू पण एफवायला का’ म्हणणाऱ्या मुलावर रागावू नकोस, त्याने तुझं वय कमी धरलं, काही वर्षांनी हा सुखाचा प्रसंग वाटेल. वर्ग शांत करायला आवाज चढवतेस ना? साठजणांपुढे एक आवाज हरणारच. आत गेल्यावर काही न बोलता फळ्यावर तारीख आणि एक प्रश्न लिही. असा प्रश्न की ज्याचं उत्तर त्यांना माहीत असतं, पण पुस्तकातलं नसतं. तुझा विषय अर्थशास्त्र, तुला तर रोज गाडीतच साहित्य मिळतं. मे २०२२ मध्ये एसी लोकलच्या एकेरी तिकिटाचे दर खाली आणले, पहिल्या टप्प्याचं तिकीट ६५ रुपयांवरून ३० वर आलं, आणि रिकाम्या धावणाऱ्या गाड्या भरू लागल्या. ‘पाससुद्धा निम्मा केला असता तर तुम्ही एसीने आला असता का?’ एवढं लिही आणि खडू खाली ठेव. विरार विरुद्ध कर्जत असं भांडण जुंपेल. जुंपू दे पाच मिनिटं. मग मागणीची लवचीकता लिही. दरात निम्मी घट झाली की मागणी किती वाढते, हे ज्याचं त्याने आधीच सांगून झालेलं असेल.

भाषेकडे लक्ष दे. मागच्या तीन रांगा बोलतात त्यातले निम्मे खोडकर असतात, निम्म्यांना तुझं इंग्रजी पोचत नसतं. महापालिकेच्या मराठी-हिंदी शाळांतून आलेली मुलं अकरावी-बारावी कशीबशी काढून तुझ्यासमोर बसलेली असतात आणि कळलं नाही म्हणायला मरण येतं. मराठीतून पेपर लिहिणारे किती, हे याच आठवड्यात विचार, पण हात वर करायला लावू नकोस, चिठ्ठीवर लिहून घे. संज्ञा इंग्रजीत दे, समजावताना मराठी-हिंदी बिनधास्त मिसळ. सकाळच्या तासाला डोकं टेकणारा मुलगा रात्री दोनपर्यंत डिलिव्हरी करून आलेला असू शकतो. ७५ टक्क्यांच्या हजेरीचा नियम त्यालाही आहेच, तो त्याला तास संपल्यावर बाजूला घेऊन सांग, वर्गात नको. आणि हजेरी नंबरांनी घेऊ नकोस, नावं घे. पहिले चार आठवडे वेळ जातो, पण प्रॉक्सीवाले आवाज त्यातच ओळखू येतात.

घाईघाईत तीन गोष्टी. कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती तुलाही लागू आहे. २०१३ चा कायदा तात्पुरत्या आणि रोजंदारीवरच्या कर्मचाऱ्यांनाही कर्मचारीच मानतो, तेव्हा समितीवर कोण आहे ती नावं नोटीस बोर्डावरून लिहून घे. लेखनिक घेऊन बसणाऱ्या दिव्यांग मुलाला तासाला किमान वीस मिनिटं जादा असतात, सुपरव्हिजनला त्याची उत्तरपत्रिका ओढू नकोस. आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री नऊनंतर उत्तर देत जाऊ नकोस. तासांवरच्या माणसाला रात्रीचा दर नाही.

बसायची जागा: लायब्ररी वाईट नाही, पण तिथे बसून तू कोणालाच दिसत नाहीस. टाइमटेबल, सुपरव्हिजनच्या याद्या, ‘हा तास कोणी घेईल का’, हे सगळं स्टाफरूमच्या मोठ्या टेबलावर तोंडी ठरतं. डब्याच्या वेळेला तिथे जा. ज्या खुर्चीवर कुणाची शाल किंवा उशी ठेवलेली नाही ती तुझी. कुणी ‘इथे अमुक बसतात’ म्हणालं तर उठ आणि शेजारच्या खुर्चीवर बस. स्टाफरूमच्या बाहेर मात्र जाऊ नकोस. लॉकर नसेल तर कपाटातला एक कप्पा माग, दोन कॉलेजांची पुस्तकं खांद्यावर घेऊन परळचा जिना चढण्यात काही पुण्य नाही. आणि दोन्ही एचओडींना सांगून टाक की तू दोन ठिकाणी शिकवतेस. लपवलंस तर एक दिवस दोन्हीकडचा एक्स्ट्रा तास नेमका साडेअकराला लागतो.

‘मिस’चं म्हणशील तर म्हणू दे. कॉन्व्हेंटच्या मुलींपासून ते सुरू होतं आणि महिन्याभरात सगळा वर्ग म्हणायला लागतो. दिवाळीनंतर त्यांचं त्यांनाच ‘मॅम’ होईल. सेकंड इयरला गेल्यावर तेच एफवायच्या मुलांना सांगतील, ‘तीनशे चार बंद असेल तर मामांना शोधा.’